मॅच एअर पिस्तुलासाठी पेलेटचं हेड किती घ्यावं: ४.४९, ४.५० की ४.५१?

अंबड_क्यूसी:

नमस्कार मंडळी. मी अंबड एमआयडीसीत ऑटो पार्ट्सच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मुलगी नववीत. २०२४ ला पॅरिसमध्ये मनू भाकरचं कांस्य टीव्हीवर बघितलं आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात १० मीटर एअर पिस्तूल बसलं. आधी क्लबचं पिस्तूल वापरायची. या दिवाळीत एका सिनिअर मुलाकडून सेकंडहँड जर्मन पीसीपी पिस्तूल (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारं) घेऊन दिलं. त्याच्यासोबतचं कारखान्याचं टेस्ट कार्ड हरवलंय. त्या मुलाने पेलेटचा, म्हणजे शिशाच्या छऱ्यांचा, अर्धा डबा दिला, त्यावर ४.५१ लिहिलंय (हेडचा, म्हणजे पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिमीमध्ये). आमच्याकडे क्लबातले ४.५० चे आहेत आणि दुकानदार म्हणतो ४.४९ चा स्टॉक आहे, घेऊन जा.

नेटवर शोधताना रिव्हॉल्वरच्या ओतीव शिशाच्या गोळ्यांवर बरंच वाचलं. तिथे सगळे एकच सांगतात: बॅरलच्या खाचांचा व्यास मोजा आणि गोळी त्याहून एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) मोठी घ्या, म्हणजे गॅस बाजूने निसटत नाही. त्या न्यायाने मी सरळ ४.५१ किंवा मिळालं तर ४.५२ घ्यावं का?

मी मायक्रोमीटरने मोजून पाहिले. ४.५० च्या डब्यातले पेलेट कधी ४.५० दाखवतात, कधी ४.४८, कधी त्याहून कमी. तोच पेलेट परत मोजला तर वेगळंच रीडिंग. दहा मायक्रॉनवर आमच्याकडे जॉब रिजेक्ट होतो, त्यामुळे हे सोडवत नाही.

विचारायचं खरं कारण वेगळं आहे. मुलीच्या टार्गेट कार्डवर नऊ-दहाचा छान गठ्ठा असतो आणि मध्येच एक सात. ती म्हणते, "बाबा, सोडला तेव्हा बरोबर होता." तो सात तिचा की पेलेटचा, एवढं मला कळायला हवं.

गोदाकाठ:

दादा, सोपं आहे. पेलेट बोटाने बॅरलमध्ये बसवून बघायचा. सैल पडला तर लहान, अंगठा दुखला तर मोठा. मध्यम घट्ट बसेल तो आपला. आमच्या ग्रुपमध्ये सगळे ४.५० वापरतात, कुणाची तक्रार नाही.

दहा_मीटर:

अंबडकर दादा, मी गंगापूर रोडला मुलांना पिस्तूल शिकवते. आधी स्वतः खेळले, आता शिकवणंच जास्त. तुमचा शेवटचा परिच्छेद सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्यावर शेवटी येते. आधी मापाचं.

मायक्रोमीटर बाजूला ठेवा. तुमचं इन्स्ट्रुमेंट उत्तम असेल, पण जॉब शिशाचा आहे. रॅचेट वाजेपर्यंत फिरवलं की पाच ते दहा न्यूटनचा दाब येतो आणि पेलेटच्या डोक्याची धार एवढी पातळ असते की त्या दाबाने ती चेपते. दुसऱ्यांदा मोजता तेव्हा तुम्ही आधीच दाबलेला पेलेट मोजत असता. तुमच्या कारखान्यात प्रोफाइल प्रोजेक्टर असेल तर त्यावर बघा, हात न लावता माप मिळेल.

आता रिव्हॉल्वरचा नियम. एक थाऊ म्हणजे २५ मायक्रॉन. तुम्ही ४.४९ ते ४.५१ मध्ये अडलाय, तो सगळा पट्टाच २० मायक्रॉनचा. जो नियम आपल्या संपूर्ण रेंजपेक्षा मोठी पायरी धरतो, तो इथे कशाला उपयोगी पडणार? शिवाय दोन्हींची रचनाच वेगळी. ओतीव गोळी भरीव असते आणि तिच्या मागे जळत्या दारूचा तापलेला गॅस असतो. गोळी सैल असली की तो बाजूने निसटतो आणि शिसं वितळवत, कापत जातो. आपला पेलेट कमरेत बारीक, पुढे डोकं, मागे पोकळ स्कर्ट. हवा सुटली की स्कर्ट फुलतो आणि खाचा भरतो. हवा अडवायचं काम स्कर्टचं. डोक्याने फक्त बॅरलच्या पट्ट्यांवरून (दोन खाचांमधल्या उंच भागांवरून) सरळ सरकायचं, डगमगायचं नाही. हवा गार आहे, वेग सेकंदाला १५० मीटरच्या आसपास, वजन अर्धा ग्रॅम. म्हणून डोकं "थोडं मोठंच घेऊ" असं करण्यात फायदा नाही. फार मोठं झालं तर पट्ट्या त्याला तासतात आणि ते तासणं प्रत्येक पेलेटला सारखं होत नाही.

गोदाकाठ भाऊ, अंगठ्याने जे कळतं ते स्कर्टचं. पेलेट आत ढकलताना अडतो तो मागचा घेर, डोकं बहुतेक वेळा आधीच आत गेलेलं असतं. घट्ट लागला म्हणून डोक्याचं माप बरोबर, असं म्हणता येत नाही.

डोक्याचं बघायचं तर हे करा. हवेचा सिलिंडर काढून ठेवा, पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करा. मऊ टोकाच्या क्लीनिंग रॉडने एक पेलेट मागून पुढे अगदी हळू ढकलत बाहेर काढा, खाली हात धरा. मग सोनार वापरतात तसल्या भिंगातून डोक्याची कड बघा. कडेवर पट्ट्यांच्या बारीक खुणा चहूकडून सारख्या दिसल्या तर डोकं बॅरलला सगळीकडे टेकतंय. एकाच बाजूला खुणा असतील किंवा काहीच नसेल तर ते आत सैल चाललंय. खुणा खोल असतील आणि शिशाची कड मागे दुमडली असेल तर मोठं आहे. तिन्ही डब्यांतले दोन-तीन पेलेट असे काढून कागदावर ओळीने ठेवा, फरक तुमच्या डोळ्याला लगेच कळेल. हे फक्त चाळणी म्हणून. निकाल क्लॅम्पवरच लागतो, म्हणजे पिस्तूल हातात न धरता घट्ट आवळून मारलेल्या शॉटवर.

आता तुमच्या मुलीच्या सातबद्दल. पिस्तुलाचं दहाचं वर्तुळ ११.५ मिमी आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ १६ मिमीने मोठं. पेलेटची कड रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून ८ मिमीपर्यंत कुठेही पडला तरी दहा. सात मिळायला तो मध्य २४ मिमीच्या पलीकडे जावा लागतो. चांगल्या डब्यातल्या ४.४९ आणि ४.५१ ने क्लॅम्पवरून जे ग्रुप (भोकांचे गठ्ठे) पडतात, त्यांत मध्य ते मध्य एक-दोन मिमीचा फरक दिसतो. हेडच्या मापाने दहाचा सात होत नाही. काठावरच्या दहाचा नऊ होऊ शकतो. रायफलवाल्यांचं वेगळं आहे: त्यांचं दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं, तिथे पाव मिलिमीटर सरकलं की गुणाचा दशांश जातो. त्यांनी हेड साइजवर रात्री घालवल्या तर मी समजू शकते.

पण पेलेट खराब असेल तर सात पडू शकतो. तो मापामुळे नाही, चेपलेल्या स्कर्टमुळे. स्कर्ट एका बाजूने दबला असेल तर बॅरलच्या तोंडातून बाहेर पडताना हवा एका बाजूने आधी सुटते आणि पेलेटला तिरकं करते. कुरिअरमध्ये आपटलेल्या डब्यात असे पेलेट हमखास असतात. डबा ओतताना टेबलावर मऊ टॉवेल अंथरा, पेलेट पसरा आणि उजेडात प्रत्येकाचा मागचा घेर बघा. गोल नसेल तो बाजूला. सामन्यासाठी वेगळे निवडून ठेवा, सरावाला उरलेले.

आणि मुलीला हे काम स्वतः करू द्या. निवडलेल्या पेलेटने ती खेळली आणि तरी सात पडला, तर तिला तो स्वतःच्या ट्रिगरमध्ये शोधावा लागेल. आत्ता तिच्याकडे दोन उत्तरं आहेत आणि प्रत्येक वाईट शॉटनंतर मन सोपं उत्तर निवडतं. ते या वयात थांबायला हवं. म्हणून मी मुलांच्या पेलेटबाबत इतकी कडक असते, गुणांसाठी नाही.

अंबड_क्यूसी:

ताई, मनापासून आभार. हे कुणी असं समजावून सांगितलं नव्हतं.

प्रोफाइल प्रोजेक्टरवर बघितलं, सुट्टीनंतर अर्धा तास थांबून. वीस पट मोठ्या सावलीत डोक्याचा घेर स्पष्ट दिसतो. क्लबातल्या डब्यातले पेलेट खरंच ४.५० च्या आगेमागे दहा मायक्रॉनमध्ये आहेत. मायक्रोमीटरने दाबलेला पेलेट शेजारी ठेवला तर त्याचं डोकं लंबगोल झालेलं दिसलं. रॉडने ढकलून काढलेलेही लावले: ४.४९ च्या डोक्यावर खुणा अर्ध्याच बाजूला, ४.५० आणि ४.५१ वर चहूकडून. ४.५१ च्या जास्त ठळक, पण कड दुमडलेली नाही.

एक शंका. आपल्याकडे डिसेंबरात सकाळी रेंजवर दहाच्या खाली पारा असतो आणि मे महिन्यात दुपारी चाळीस. शिशाचा प्रसरणांक स्टीलच्या दुपटीहून जास्त. मी हिशोब केला: तीस अंशांच्या फरकाला ४.५ मिमीचं शिसं साधारण चार मायक्रॉन वाढतं, बॅरल दीड मायक्रॉन. म्हणजे निव्वळ फरक अडीच मायक्रॉनच्या आत, एका हेड साइजच्या चौथ्या हिश्शाएवढा. ऋतूप्रमाणे डबा बदलायची गरज नाही असं मी धरतो. बरोबर ना?

देवळाली_निवृत्त:

हिशोब बरोबर आहे साहेब. मी लष्करात आर्मररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्तीचं, काम केलं, आता देवळाली कॅम्पात स्थायिक. रिव्हॉल्वरचा विषय निघालाय म्हणून लिहितो, कारण नेटवर तो "एक थाऊ"चा नियम अर्धवट फिरतो.

रिव्हॉल्वरमध्ये गोळी बॅरलमध्ये बसलेली नसते. ती फिरत्या सिलिंडरच्या चेंबरमध्ये (गोळीच्या घरात) असते. तिथून निघताना चेंबरच्या पुढच्या अरुंद भागातून जाते, त्याला थ्रोट म्हणतात. मग सिलिंडर आणि बॅरल यांच्यातली फट ओलांडून फोर्सिंग कोनमध्ये (बॅरलच्या मागच्या निमुळत्या तोंडात) आणि शेवटी बॅरलमध्ये. म्हणजे गोळीचं माप आधी थ्रोट ठरवतो, बॅरल नंतर. .३८ स्पेशलमध्ये बॅरलच्या खाचांचा व्यास साधारण .३५७ इंच, ओतीव गोळी .३५८ ची घेतात. मिलिमीटरमध्ये ९.०७ आणि ९.०९. हे जमतं कधी, तर थ्रोट .३५८ च्या जवळपास असेल तेव्हा. एखाद्या रिव्हॉल्वरचा थ्रोट .३५६ निघाला तर तुम्ही .३६० ची गोळी घातलीत तरी ती थ्रोटमध्येच दाबली जाऊन .३५६ होणार आणि बॅरलमध्ये सैल चालणार. मग बॅरलच्या सुरुवातीलाच शिशाचे पट्टे चिकटतात, नेम पसरतो, आणि माणूस म्हणतो गोळी मऊ होती, अजून कडक धातू घ्या. रोग थ्रोटमध्ये आणि औषध धातूला.

आणखी एक: सहा चेंबर म्हणजे सहा थ्रोट. ते सारखे असतीलच असं नाही. तुमच्यासारख्या क्वालिटीच्या माणसाला सांगायला नको, प्रत्येक चेंबर पिन गेजने (नेमक्या मापाच्या दांडीने) वेगळा तपासायचा. सहापैकी एक घट्ट निघाला तर कार्डवर दर सहावी गोळी वेगळी जाते. एअर पिस्तुलाला यातलं काहीच नाही. एक बॅरल, त्याच्या मागेच पेलेट. म्हणून ताई म्हणतात ते योग्य, तो नियम इथे लावू नका.

हे माहिती म्हणून. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, त्यामुळे हे वाचून घरी गोळ्या ओतायला कुणी बसू नये.

दहा_मीटर:

काका, थ्रोटचं इतकं स्वच्छ कुणी लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. धन्यवाद.

अंबडकर दादा, तापमानाचा हिशोब पटला. पेलेटला हिवाळा-उन्हाळ्यापेक्षा पावसाळा छळतो. जुलै-ऑगस्टमध्ये डबा उघडा राहिला तर शिशावर पांढुरकी भुकटी धरते. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, झाकण घट्ट लावा. भुकटी धरलेले पेलेट टाकून द्या, पुसून वापरू नका. आणि सराव झाला की मुलीने साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही, म्हणजे जेवणाच्या डब्याला. पेलेट ओठात धरायची काही मुलांना सवय असते, ती दिसली तर त्याच क्षणी मोडा. शिसं शरीरात साठतं आणि वाढत्या वयात ते सगळ्यात वाईट.

क्लॅम्पचं. तुमच्याकडे चांगला वाइस आहे म्हणून सरळ पिस्तूल आवळू नका. बॅरलवर आणि सिलिंडरवर अजिबात दाब नको, सिलिंडरमध्ये २०० बार हवा असते. ग्रिप काढा आणि फ्रेमच्या सपाट भागाला नायलॉनचे किंवा ॲल्युमिनियमचे जबडे करून धरा, ते तुम्ही कारखान्यात तासाभरात करून घ्याल. वाइस भिंतीला किंवा जड टेबलाला बोल्ट केलेला हवा. रेंजवरच करा, कोच समोर असताना.

डबा बदलला की पहिले काही शॉट मोजू नका, बॅरलमध्ये आधीच्या पेलेटचा लेप असतो. मग दहा-दहाचे ग्रुप मारा. पाचच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका, पाच शॉट नशिबानेही एका भोकात जातात. एका डब्याचे सगळे ग्रुप आधी आणि दुसऱ्याचे नंतर असं करू नका. आलटून पालटून मारा, नाहीतर सिलिंडरचा दाब उतरल्याचा दोष शेवटच्या डब्याला लागेल. कार्डाच्या मागे डब्याचा लॉट नंबर (कारखान्यात एका खेपेत बनलेल्या मालाचा नंबर) लिहा, पुढे नको. ग्रुप मोजणाऱ्याला कोणता डबा ते माहीत नसावं. बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजा आणि ४.५ वजा करा.

आणि हेड साइजपेक्षा लॉट मोठा, हे लक्षात ठेवा. एकाच कंपनीचा, एकाच मापाचा, पण वेगळ्या लॉटचा डबा वेगळा वागू शकतो. पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला कांस्य आणणाऱ्या स्वप्नील कुसाळेने आपल्या नाशिकमध्ये सराव केलाय. त्या .२२ च्या खेळात गोळीचं माप निवडायची सोयच नाही, तरी मोठे खेळाडू रायफल घेऊन एली किंवा लापुआ या गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर जातात, क्लॅम्पवर लॉटमागून लॉट मारून बघतात आणि जो जमला तो पेट्या भरून उचलतात. आपल्याला एवढं नको, पण जमलेल्या लॉटचे डबे एकदम घ्या. ५०० चा एक डबा सरावात भुर्रकन संपतो.

अंबड_क्यूसी:

ताई, रविवारी रेंजवर क्लॅम्प लावून बसलो. नायलॉनचे जबडे आमच्या टूलरूमने करून दिले. कार्ड मुलीने मोजली, तिला डबे माहीत नव्हते.

४.४९ सगळ्यात पसरला, रॉडच्या खुणांनी जे सांगितलं होतं तेच. ४.५० आणि ४.५१ मध्ये मला फरक काढता येत नाही: एका फेरीत हा लहान, दुसऱ्या फेरीत तो. दोन्हींचे ग्रुप मध्य ते मध्य तीन मिमीच्या आत. मग मुद्दाम स्कर्ट चेपलेले पेलेट वेगळे काढले होते ते मारले. त्यातला एक इतका बाहेर गेला की क्लॅम्प हलला म्हणून मी बोल्ट तपासले. बोल्ट घट्ट होते. मुलगी ते कार्ड घरी घेऊन गेली आहे.

४.५१ पुढे नाशिकात नियमित मिळेल याची खात्री नाही, ४.५० मिळतो. दुकानदाराकडे त्याच लॉटचे चार डबे आहेत. घेऊन टाकू का?

दहा_मीटर:

घ्या, चारही. पैसे देण्याआधी प्रत्येक डब्याच्या मागचा लॉट नंबर स्वतः वाचा, वरचा एक बघून चारही तेच असं धरू नका. दुकानात झाकण उघडून स्कर्ट बघायला मागा. ओळखीचा दुकानदार नाही म्हणणार नाही.

आणि तिचा पुढचा सात पडेल तेव्हा कार्डवर तो कुठल्या बाजूला आहे ते मला इथे लिहा. खाली डावीकडे असेल आणि ती उजव्या हाताने खेळत असेल तर बहुतेक ट्रिगर ओढताना सगळा पंजा आवळला जातोय. त्याच्यावर घरी भिंतीसमोर कोरड्या ट्रिगरचा (पेलेट न भरता ट्रिगर ओढायचा) सराव आहे, तो सांगते.

गोदाकाठ:

ताई, कोरड्या सरावाचं सगळ्यांसाठीच लिहा ना. माझेही सात तिथेच पडतात, खाली डावीकडे.